हिलालआप्पांचे सहा कॉम्प्युटर

परोपकार करायचाच असेल तर तो चालत जाण्याच्या अंतरात करावा. हजीऱ्याहून टेम्पोत भरून, अख्खं सुरत शहर पार करून तो डिंडोलीला आणू नये. हिलालआप्पा सोनवण्यांना आज कोणी विचारलं तर ते हेच सांगतात, आणि नाही विचारलं तरी सांगतात. पण सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांना हे सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणजे प्रमिलाबाईंनी सांगितलं होतं. पण बायको सांगते त्याला सांगणं म्हणायची पद्धत आप्पांच्या घरात नव्हती.

झालं असं, की आप्पा हजीऱ्याच्या ज्या कंपनीत स्टोअर क्लार्क होते तिथे नवे कॉम्प्युटर आले आणि जुने सहा आप्पांच्या स्टोअरमध्ये येऊन पडले. साहेब म्हणाले, भंगारवाल्याला बोलवा. आता कोणीही शहाणा माणूस भंगारवाल्याला बोलावतो आणि घरी जाऊन चहा पितो. आप्पांना मात्र डिंडोलीतल्या त्यांच्या सोसायटीमागची, लूम म्हणजे यंत्रमागावरच्या कारागिरांची चाळ आठवली. एकेक खोली, खोलीत सहा-सात माणसं, सगळी धुळे-नंदुरबारकडची नाहीतर मराठवाड्यातली. पोरगा दहावी झाला की लूमवर, पोरगी बारावी झाली की साड्यांचे धागे कापायला. ह्या घरांत कॉम्प्युटर गेला तर पोरांचं भलं होईल, असं आप्पांना वाटलं. वाटलं तिथवर ठीक होतं, पण आप्पा ते साहेबांपुढे बोलून बसले.

"खुशाल न्या," साहेब म्हणाले, "पण एकट्या माणसाला देता येणार नाही. रजिस्टर्ड संस्था पाहिजे."

संस्था काढायला आप्पांना नऊ महिने लागले. एवढ्या वेळात माणसाला दुसरंही काही होऊ शकतं, असं प्रमिलाबाई म्हणाल्या. पहिली सभा गच्चीवर झाली आणि ती मंडळाच्या नावातच संपली. दुसऱ्या सभेत चाळीतल्या धुरपदाबाई उठल्या. ह्या परभणीकडच्या, वय साठीच्या पुढचं, आणि सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नसे. त्या म्हणाल्या, "आप्पा, मी म्हनते, यंत्र आनताय ते आना. पन आमच्या खोलीत पाय पसरायला जागा न्हाई, तर ते काय छताला टांगायचं का?" आप्पांनी हा प्रश्न तांत्रिक आहे म्हणून पुढच्या सभेवर ढकलला. पुढे तोच प्रश्न त्यांच्या उरावर बसला, पण ते नंतर.

रजिस्ट्रेशनच्या कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म बघून विचारलं, संस्थेचा उद्देश काय? आप्पांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गरीब कुटुंबांना घरगुती कॉम्प्युटर देणे व शिकवणे'. कारकून म्हणाला, असा उद्देश नसतो. धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय किंवा गोरक्षण, यातलं एक निवडा. आप्पांनी शैक्षणिक निवडलं. मग शाळा दाखवा. शाळा नाही. मग शैक्षणिक कसं? असं करत सहा चकरा झाल्यावर शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूला सापडला. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. आप्पांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनानं पंख्याकडे बघितलं, आणि मंडळ रजिस्टर झालं.

त्यानंतर जकात नाका. आप्पा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी पांढरा शर्ट घालून बसले होते, कारण मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं हे पहिलंच काम. नाक्यावरच्या माणसानं ताडपत्री वर केली आणि विचारलं, "टीव्ही छे के टाइपरायटर?" आप्पा म्हणाले, कॉम्प्युटर आहे, दान मिळालेला आहे, किंमत शून्य. आता शून्य किमतीच्या मालावर जकात बसत नाही, आणि जकात बसल्याशिवाय पावती होत नाही, आणि पावतीशिवाय माल आत जात नाही. ह्या मुद्द्यावर आप्पा साडेतीन तास बसून राहिले. शेवटी नाकेवाला म्हणाला, चालू करून दाखवा म्हणजे काय आहे ते लिहितो. मार्चच्या उन्हात नाक्याच्या केबिनमधला एकुलता एक पंखा काढून तिथे कॉम्प्युटर जोडला. तो सुरू झाला नाही. दुसराही झाला नाही. तिसऱ्यापर्यंत थांबायची नाकेवाल्याची तयारी नव्हती, त्याला उकडत होतं. पावतीवर लिहून मिळालं: 'टीव्ही, नग सहा, बिनकामाचे'. ही पावती आप्पांनी प्रमिलाबाईंना दाखवली नाही, पण ती शर्टाच्या खिशात राहिली आणि शर्ट धुवायला प्रमिलाबाईच टाकायच्या.

घरी आणून सहाच्या सहा जोडून बघितले तेव्हा कळलं, की नाकेवाला अगदीच चुकलेला नव्हता. तीन काही बोललेच नाहीत. दोघांनी पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवली आणि तिथेच थांबले. एक चालला. पूर्ण चालला, बिल बनवायच्या प्रोग्रॅमसकट. एका कॉम्प्युटरवर अकरा कुटुंबांनी नावं नोंदवलेली. बाकीचे पाच शेवटी भंगारवाल्याकडेच गेले आणि सभेत असं ठरलं, की चालणारा एकेक आठवडा एकेका घरी.

पहिल्या घरी तो हातगाडीवरून वाजतगाजत गेला. तिथे तो ठेवायला जी जागा निघाली ती सासूबाईंची झोपायची. दोन रात्री सासूबाई ओट्याखाली झोपल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर आप्पांच्या दारात. दुसऱ्या घरात रातपाळीचे चार जण दिवसभर झोपलेले. तिथे दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. तिसऱ्या घरात तो टीव्हीच्या जागी ठेवला आणि रविवारी चार वाजता, टीव्हीवरच्या पिक्चरच्या वेळी, घरात असं भांडण झालं, की आप्पांना मध्ये पडावं लागलं. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं, ते त्यांनी ऐकलं. "म्हनलं होतं का न्हाई?" धुरपदाबाई म्हणाल्या.

चौथं घर किसनचं. किसन महाजन, शिरपूरकडचा, बावीस वर्षं लूमवर. आठ लूम एकटा सांभाळायचा, एका कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याचीही तीच वाट. बोलायचा कमी. पण यंत्र घरात आलं म्हटल्यावर त्यानं जे केलं ते चाळीत कोणी केलं नव्हतं. फळी ठोकली, फळीखाली रबराचे तुकडे लावले, वर जुन्या साडीचं आवरण शिवून घेतलं. यंत्राची बडदास्त कशी ठेवायची हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आठवडा संपला तरी कॉम्प्युटर परत न्यायला कोणी आलं नाही, उलट पुढच्या सात घरांनी आमची पाळी किसनलाच द्या म्हणून सांगितलं. गरिबांच्या घरोघरी कॉम्प्युटर ही आप्पांची योजना अशी किसनच्या घरी येऊन थांबली.

किसनच्याच खोलीत आप्पांनी शिकवायचा वर्ग सुरू केला, त्याचंही तेच झालं. पहिल्या दिवशी चौतीस जण आले, त्यातले वीस बघायला. आप्पा शिकवायचे गुजराती पुस्तकातून. ते पुस्तक तीस दिवसांत कॉम्प्युटर शिकवणारं होतं आणि आप्पांचा स्वतःचा अकरावा दिवस चालू होता. टायपिंग ते उजव्या हाताच्या एका बोटानं करत, आणि ते बोट एखादं अक्षर शोधायला निघालं की वर्गातल्या बायका तेवढ्यात पोळ्या लाटून येत. महिन्याभरात वर्गात एकटी चंचल उरली.

चंचल ही किसनची मोठी मुलगी, बारावी झालेली. पंधराव्या दिवशी ती आप्पांच्या पुढे गेली. आप्पांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं, पाया आपण घातला असं चारचौघांत सांगितलं आणि त्यानंतर शिकवताना ते बहुतेक चहाच पीत. ती शिकायची कशी हे त्यांनी कधी बघितलं नाही, आणि बघायला हवं होतं. किसनची रातपाळी असली की तो दिवसभर त्याच खोलीत झोपे, खिडकीला गोधडी टांगलेली, दिवा बंद. चंचल पडद्याचा उजेड कमी करून अंधारात बसे. बटणांची खटखट चालू राही आणि त्याचा किसनला त्रास नव्हता. शांततेत त्याला झोपच येत नसे.

मग ऑगस्टात रिंग रोडच्या एका साडीवाल्या शेठकडे बिलं बनवायला मुलगी पाहिजे असल्याची बातमी आप्पांना लागली. शुक्रवारी अकराला परीक्षा, जागा एकच. आप्पांनी चंचलला सांगितलं तेव्हा ती आधी बोटांवर दिवस मोजू लागली. चंचलच्या आईला साड्या देणाऱ्या ठेकेदारानं एक तारखेपासून चंचललाही त्याच्या गोडाऊनवर धागे कापायला बोलावलं होतं, आणि आई हो म्हणून बसली होती.

"आप्पा," चंचल म्हणाली, "ती कात्री एकदा हातात घेतली ना, की सुटत नाही. आईची सुटली नाही. मला ही नोकरी पाहिजेच."

आतापर्यंत मंडळ होतं, सभा होत्या, रबरी शिक्का होता. पोरीचं उभं आयुष्य त्यात अडकलंय हे कोणी त्यांना अजेंड्यावर लिहून दिलं नव्हतं. त्यांनी त्याच रात्री मंडळाच्या नावानं एक सर्टिफिकेट तयार केलं आणि त्यावर शिक्का तीनदा मारला.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची तयारी करून घ्यायला आप्पा किसनकडे गेले. गुरुवार म्हणजे त्या भागातल्या लूमचा पॉवर-ऑफचा वार. आठवड्यातून एकदा कारखान्यांची वीज बंद, यंत्रं बंद, आणि कारागिरांनी त्या दिवशी सगळं खोलून, पुसून, पुन्हा बसवायचं. किसन अंघोळ करून स्वच्छ शर्टात दाराशी उभा होता आणि कधी नव्हे ते हसत होता. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते खुर्चीत बसले, चष्मा चढवला आणि चंचलला म्हणाले, "बघ, आधी गिऱ्हाइकाचं गाव असं टाकायचं." आणि बोट उचलून त्यांनी सावकाश SURAT असं टाइप केलं.

पडद्यावर जे आलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

आप्पांनी खोडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, एक चापट मारली, मग सॉरी म्हणाले. स्वतःचं नाव टाइप केलं तर तेही ओळखू येईना. उद्या अकराला परीक्षा आणि यंत्रानं आज प्राण सोडला, असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि त्यामुळे मान खाली गेली, आणि तेव्हा, एरवी एकेक अक्षरच शोधणाऱ्या त्यांना, अख्खा कीबोर्ड एकदम दिसला. वरच्या ओळीत पहिलं अक्षर A. त्याच्या शेजारी B. मग C, मग D. सगळी बटणं ओळीनं, शाळेतल्या तक्त्यावर असतात तशी, थेट Z पर्यंत.

"मी सरळ करी दिन्हं," किसन मागून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा होता. "सगळी बटणं काढीसन रॉकेलमा धुतली. आप्पा, कोणीतरी आधी खोलून उलटंसुलटं बसवलेलं होतं. Q नंतर W, W नंतर E. लूमच्या फणीतून तार ओढताना एक तार पुढची मागं झाली तर कापडाचा अख्खा ताका बाद होतो. अन् इथे तर सव्वीसच्या सव्वीस चुकीच्या. पोरगी कशी शिकली असेल कोण जाणे." आणि तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

आप्पा काय बोलणार होते ते छापण्यासारखं नव्हतं. तोंड उघडलंही होतं. पण किसनच्या पाठीमागून चंचल हातानं खुणा करत होती, बोलू नका, बोलू नका. आप्पांनी तोंड मिटलं. किसन पाणी आणायला बाहेर गेला तशी ती पटकन पुढे आली.

"आप्पा, त्यांना काही म्हणू नका. निदान उद्यापर्यंत. दुपारभर बसले होते ते ह्याच्यावर, जेवलेसुद्धा नाहीत."

"अगं पण ही बटणं परत लावायची कशी? खरी जागा कुठली होती?"

आणि इथे मंडळाच्या अध्यक्षांना कळलं, की पाच महिने शिकवूनही खरी जागा त्यांना स्वतःला ठाऊक नाही. Q पहिला, एवढं ते खात्रीनं सांगू शकत होते. पुढे अंधार. चंचलनं त्यांना खुर्चीतून उठवलं, आपण बसली आणि पडद्याकडे बघत अख्खं बिल टाइप केलं. पार्टीचं नाव, पत्ता, साडीचा प्रकार, नग, सगळं बिनचूक. मान एकदाही खाली गेली नाही.

"मी बघतच नाही खाली," ती म्हणाली. "अंधारात कुठे दिसायचं?"

आप्पांना हायसं वाटलं आणि त्याच वेळी फार अपमान झाल्यासारखंही वाटलं. त्यांनी राग गिळला, पण फेकून दिला नाही. उद्या परीक्षा होऊ दे, मग किसनला बघतो, असं ठरवून तो त्यांनी जपून घरी नेला आणि रात्री प्रमिलाबाईंना ऐकवला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "अहो, त्यानं निदान बटणं पुसली तरी. तुम्ही पाच महिन्यांत एकदा तरी पुसलीत का?"

शुक्रवारी शेठच्या दुकानात आणखी तीन मुली आल्या होत्या, क्लासची छापील सर्टिफिकेटं घेऊन. आप्पांनी आपलं पुढे केलं. शेठनं तिन्ही शिक्के वाचले, कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि बाजूला ठेवला. "कागळ तो बधा लावे छे. बिल बनावीने बतावो." म्हणजे कागद सगळेच आणतात, बिल बनवून दाखवा. पहिल्या मुलीनं बनवलं, दुसरीनं बनवलं, तिसरीला रडू आलं. चंचल बसली. मध्येच शेठचा फोन वाजला आणि तो फोनवर बोलता बोलता तिला नवीन ऑर्डर सांगू लागला, एक आकडा, एक रंग, पुन्हा आकडा. ती त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती आणि बोटं चालतच होती. शेठनं फोन ठेवून पडदा वाचला, एकदा मागे वळून त्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "सोमवारथी आवजो."

चंचलला आप्पांनी घरी पाठवलं, आईला सांग म्हणून. आणि स्वतः ते सरळ किसनच्या खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात गेले, कारण काम झालेलं होतं आणि राग तसाच शिल्लक होता. आज दिवसपाळी होती. पत्र्याच्या त्या शेडमध्ये शंभरेक लूम एकदम धडधडत होते. आप्पा आत शिरले आणि त्यांना स्वतःचा श्वासही ऐकू येईना. किसन आपल्या आठ लूममध्ये इकडून तिकडे फिरत होता. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि विचार केला, की ह्या आवाजात काही ऐकू येणार नाही, म्हणजे आता बोलायला काय हरकत आहे. आणि मग त्यांनी कालपासूनचं सगळं बाहेर काढलं. बटणं कोणी काढायला सांगितली होती. गाढवा, ABCD सरळ करायला निघालास, अमेरिकेत कारखाने काढणाऱ्यांना अक्कल नव्हती का. परीक्षेच्या आदल्या दिवशी. जकात नाक्यापासून माझं आयुष्य तुम्हा लोकांनी खाल्लंय. असं बरंच, मन मोकळं होईपर्यंत.

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आजूबाजूच्या लूमवरचे पाच-सहा कारागीर पोट धरून हसतायत. लूमच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस कान वापरत नाही, समोरच्याचे ओठ वाचतो. दिवसभर त्यांच्या गप्पा अशाच चालतात. आप्पांचा शब्द न् शब्द अख्ख्या ओळीला कळला होता. आप्पांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

किसन मात्र हसत नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. बटणांचं त्याला आत्ता कळलं होतं. त्यानं आप्पांनाही वाचता येईल असे ओठ सावकाश हलवून विचारलं, "पोरनं काय व्हयनं? लागनी का नोकरी?"

आप्पांनी मान हलवली, हो म्हणून. पुन्हा हलवली, नीट कळावं म्हणून.

किसन मागे वळला. मग त्यानं पहिल्या लूमचा दांडा ओढला, तो थांबला. दुसऱ्याचा ओढला. तिसरा, चौथा, असं करत आठही बंद केले. बाकीचे नव्वद चालूच होते, पण त्या कोपऱ्यात जरा आवाज कमी झाला. तो आप्पांच्या अगदी जवळ आला.

"आप्पा, तिथे खुर्ची शे का?"

"कुठे?"

"पोर जठे काम करी. बठाले खुर्ची शे का तिले?"

आप्पांनी दुकान आठवून बघितलं. शेठचं टेबल, फोन, साड्यांचे गठ्ठे, कॉम्प्युटर, त्याच्यापुढे चंचल. "आहे," ते म्हणाले. "चाकांची आहे. फिरते."

किसननं मान डोलावली. शेजारी सुताच्या बॉबिनची लाकडी पेटी होती, ती त्यानं पायानं ओढून घेतली आणि तीवर बसला. बावीस वर्षं तो रोज बारा तास त्या लूमपुढे उभा होता. मुकादम शिव्या देत येऊन समोर उभा राहिला, आठ लूम बंद का म्हणून. किसननं त्याचे ओठ वाचले आणि बसून राहिला.